वाचक विचारतात : हे गाणे मुळात कुणाचे?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एक आवाहन केले होते. १९६० आणि १९७०च्या दशकांतील रॉक संगीतातले, आपल्याला मनापासून आवडणारे पण फारसे कुणी न ऐकलेले एखादे गाणे, किंवा एका कलावंताचे गाणे दुसऱ्याने नव्याने गाऊन केलेले एखादे ‘कव्हर’ आम्हाला कळवावे, आणि त्याविषयी शंका असल्यास विचारावी, असे ते आवाहन होते. आलेल्या पत्रांत नुसती आवड कळवणारी पत्रे थोडी होती. ‘हे मुळात कुणाचे?’ आणि ‘मग तो माणूस मागे का पडला?’ असे विचारणारी पुष्कळ होती. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सांतानाचे ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो. ते मुळात फ्लीटवूड मॅक या बँडचे आहे असे अलीकडे कळले, म्हणून मूळ गाणे मिळवून ऐकले, पण ते मला फार कोरडे वाटले. माझा मित्र म्हणतो की मूळ ते मूळच. सांतानाचे म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली. आपले मत काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मित्राची म्हण इथे अर्धीच लागू पडते. सांतानाची आवृत्ती तिखट आहे हे खरे, पण म्हणून मूळ गाणे अळणी ठरत नाही. ते पीटर ग्रीन या लंडनच्या गिटारवादकाने लिहिले आणि १९६८ साली फ्लीटवूड मॅकने सिंगल (एका गाण्याची स्वतंत्र छोटी रेकॉर्ड) म्हणून काढले, तेव्हा ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते ३७व्या क्रमांकाच्या वर चढले नाही. त्या वेळचा फ्लीटवूड मॅक हा पुढे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जगभर गाजलेल्या बँडपेक्षा फार वेगळा होता. तो ब्लूजला, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संगीताला, वाहिलेला बँड होता आणि ग्रीन त्याचा प्राण होता. गंमत अशी की हे मूळ गाणेही कुठून तरी आलेले आहे. शिकागोच्या ओटिस रश या ब्लूज गायकाचे १९५८चे ‘ऑल युवर लव्ह’ ग्रीनच्या डोळ्यांसमोर होते. मायनर स्वरांतली, किंचित लॅटिन वळणाची सुरुवात आणि मध्येच ठेका बदलून घेतलेली झुलती चाल, ही ठेवण त्याने तिथूनच घेतली.

आपल्याला जो कोरडेपणा वाटला तो ग्रीनने जाणूनबुजून राखलेला आहे, असे मला वाटते. तो एक ओळ गातो, थांबतो, आणि त्या रिकाम्या जागेत गिटार त्या ओळीला उत्तर देते. स्वर मोजके आहेत, पण प्रत्येक स्वर विरेपर्यंत वाजू दिलेला आहे. त्या काळच्या त्याच्या वादनात गिटारचा एक विशिष्ट पोकळ, नाकातून आल्यासारखा नाद अनेकदा कानी पडतो. त्याच्या लेस पॉल बनावटीच्या गिटारच्या दोन पिकअपपैकी (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबकी भागांपैकी) मानेकडच्या पिकअपचे चुंबक उलटे बसलेले होते, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की त्यांच्या ध्वनिलहरी एकमेकींना काही अंशी छेदत आणि आवाज पातळ होई. ती गिटार पुढे गॅरी मूर या गिटारवादकाकडे गेली. त्याने १९९५ साली केवळ ग्रीनच्या रचनांचा अख्खा अल्बम काढून हे ऋण मान्य केले. आज ती मेटॅलिका या बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे.

सांताना या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडने १९७० साली ‘अब्राक्सस’ या अल्बममध्ये हे गाणे घेतले तेव्हा त्यात कोंगा आणि टिंबाले ही तालवाद्ये आणि हॅमंड ऑर्गन आले, आणि ग्रीनने ठेवलेल्या सगळ्या मोकळ्या जागा भरून गेल्या. गाण्यातला आवाज कार्लोस सांतानाचा आहे असा पुष्कळांचा समज असतो, पण गायला आहे तो ऑर्गनवादक ग्रेग रोली. ग्रीनच्या शेवटच्या झुलत्या भागाऐवजी त्यांनी गाबोर साबो या हंगेरियन गिटारवादकाची १९६६ची ‘जिप्सी क्वीन’ ही रचना जोडली, म्हणजे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलात ती एका पाठोपाठ एक अशी दोन कव्हर आहेत. अमेरिकेत हे गाणे चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. नाचावेसे वाटले तर सांताना ऐकावा. गाण्यातला माणूस त्या बाईला किती घाबरलेला आहे हे ऐकायचे असेल तर ग्रीनच ऐकावा लागतो.

ग्रीनचे आणखी एक गाणे आपण जरूर ऐकावे. ‘द ग्रीन मनालिशी’ हे १९७० सालचे, फ्लीटवूड मॅकबरोबरचे त्याचे शेवटचे सिंगल पैशाच्या भीतीविषयी आहे. त्याच वर्षी त्याने बँड सोडला आणि पुढची अनेक वर्षे मानसिक आजाराशी झुंजण्यात गेली. जूडस प्रीस्ट या हेवी मेटल बँडने १९७९ साली त्याचे कव्हर केले. ते दणदणीत आहे आणि मला आवडते, तरीही मूळ गाण्याच्या शेवटी शब्द संपल्यावर जो विव्हळणारा आवाज ऐकू येतो, त्याने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

प्रश्न : लेड झेपलिनची अनेक गाणी जुन्या ब्लूज गायकांकडून उचललेली आहेत असे वारंवार वाचतो. त्यांना कव्हर म्हणायचे की चोरी? ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे माझे सर्वांत आवडते गाणे असल्यामुळे हा प्रश्न मला छळतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आवडत्या गाण्यापुरते तरी निश्चिंत राहावे. १९७१च्या चौथ्या अल्बमवर या गाण्याच्या श्रेयात बँडच्या चौघांबरोबर मेम्फिस मिनी या ब्लूज गायिकेचे नाव छापलेले आहे. मूळ गाणे मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मकॉय यांनी १९२९ साली दोन गिटारींवर ध्वनिमुद्रित केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२७ साली, मिसिसिपी नदीने बांध (म्हणजेच गाण्यातली ‘लेव्ही’) फोडून लाखो लोकांना बेघर केले होते आणि ते बांध सावरण्याच्या कामाला कृष्णवर्णीय मजुरांना जुंपले गेले होते. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की मूळ गाण्याचा हलका, जवळजवळ प्रवासी वाटणारा ठेका अधिकच बोचतो, कारण घर सोडून निघालेल्या माणसाची ती चाल आहे. एक त्रुटी मात्र नोंदवली पाहिजे. मूळ रेकॉर्डवर गायला आहे तो जो मकॉय, आणि झेपलिनच्या अल्बमवर त्याचेच नाव नाही.

झेपलिनने त्यातले शब्द घेतले आणि बाकी जवळजवळ सगळे नव्याने उभे केले. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची एक जुनी, दगडी, अठराव्या शतकाच्या अखेरीस गरिबांच्या आश्रयासाठी बांधलेली इमारत आहे. तिथे झेपलिनच्या जॉन बोनहमचे ड्रम्स तळमजल्याच्या प्रशस्त दालनात जिन्याशी मांडले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने ड्रम्सजवळ मायक्रोफोन लावण्याऐवजी वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. त्यामुळे चामड्यावरच्या काठीच्या आघाताबरोबरच भिंतींवरून आणि जिन्यातून परत आलेला आवाजही टेपवर उतरला, आणि टेपची गती थोडी कमी केल्यामुळे तो आणखी जड झाला. आपण पुन्हा ऐकाल तेव्हा पहिले काही क्षण, हार्मोनिका सुरू होण्यापूर्वी, फक्त ड्रम्सकडे कान द्यावा. १९२९च्या गाण्यात पूर येऊन गेल्यानंतरचा माणूस आहे. इथे प्रत्यक्ष पाणी आहे.

आता आपला प्रश्न जिथे खरोखर बोचतो ते गाणे म्हणजे ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’. जेक होम्स या अमेरिकन गायकाने ते लिहिले आणि १९६७ साली आपल्या अल्बममध्ये गायले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचा कार्यक्रम यार्डबर्ड्स या बँडच्या आधी झाला. यार्डबर्ड्सचा गिटारवादक तेव्हा जिमी पेज होता, जो पुढे लेड झेपलिनचा गिटारवादक झाला. लवकरच यार्डबर्ड्स ते गाणे मंचावर वाजवू लागले आणि जानेवारी १९६९मध्ये लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर ते आले तेव्हा रचनाकार म्हणून एकट्या पेजचे नाव होते. होम्सची रचना तुलनेने अनोळखी आहे, पण ती ऐकली की उतरत जाणारी बेसची ओळ आणि गाण्याचे नाव दोन्ही तिथेच आहेत हे कुणालाही कळते. होम्सने २०१० साली न्यायालयात धाव घेतली, प्रकरण आपसांत मिटले, आणि २०१२ साली निघालेल्या झेपलिनच्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणावर ‘जेक होम्सच्या प्रेरणेने’ अशी नोंद आली. मधल्या काळात होम्सने जाहिरातींची गाणी लिहून चांगले नाव कमावले, पण रॉकच्या इतिहासात त्याला त्याची जागा मिळायला चार दशके लागली.

दुसऱ्याचे गाणे घेण्यात गैर काहीच नाही. अमेरिकेत १९०९च्या कॉपीराइट कायद्यापासून अशी तरतूद आहे की, एखादे गाणे एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले की कुणीही ठरलेले मानधन भरून ते आपल्या आवाजात मुद्रित करू शकतो. गीतकाराला त्याला नकार देता येत नाही, मात्र नाव आणि पैसा त्याचाच राहतो. म्हणून गाणे किती बदलले यावर चोरी ठरवू नये, नाव गाळले की नाही यावर ठरवावी. ‘लेव्ही’त जे बदलले ते प्रचंड आहे, आणि तरीही मिनीचे नाव तिथे आहे, ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’मध्ये पेजने गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवून जे काही अद्भुत केले, त्याने होम्सचे नाव गाळणे क्षम्य होत नाही.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवते. आमच्याकडे एकच बंदिश पिढ्यान्पिढ्या अनेक जण गातात आणि तिला कुणी कव्हर म्हणत नाही. एका विद्यार्थ्याने मला जो कॉकरचे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ ऐकवले आणि पाठोपाठ बीटल्सचे मूळ गाणे. दोन्ही एकच आहेत यावर विश्वास बसेना. या लोकांना कव्हर हा वेगळा प्रकार का वाटतो?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : कारण रॉकमध्ये लोकांच्या मनात कृती म्हणून रेकॉर्डच ठसलेली असते. बंदिशीचे प्रमाण रूप गुरूच्या गळ्यात असते आणि ते दर मैफिलीत थोडे बदलते. इथे मात्र ठराविक दिवशी, ठराविक स्टुडिओत, ठराविक आवाजात उमटलेले एकच रूप घरोघरी पोहोचते, आणि दुसऱ्याने गायले की त्याची तुलना त्या रूपाशी होते. बीटल्स आणि बॉब डिलन यांच्यानंतर तर आपली गाणी आपणच लिहावीत अशी अपेक्षा रूढ झाली, त्यामुळे दुसऱ्याचे गाणे गाण्याला वेगळे नाव हवेसे वाटू लागले.

आपल्याला फरक एवढा जाणवला त्याचे मुख्य कारण ताल आहे. १९६७च्या मूळ गाण्यात चार मात्रांची रमतगमत चाल आहे, आणि ते गाणाऱ्या, बीटल्सच्या रिंगो स्टारच्या आवाजाची मर्यादा ओळखून त्याची सुरावट, अखेरचा उंच स्वर सोडला तर, पाचेक स्वरांतच फिरते. कॉकरने ती चाल संथ करून तीन-तीनच्या खंडांत, दादऱ्याच्या अंगाने झुलवली. त्यामुळे ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला, आक्रोश करायला आणि साथीच्या गायिकांनी प्रश्न विचारायला जागा झाली. ड्रम्सवर प्रोकोल हॅरम या बँडचा बी. जे. विल्सन आणि गिटारवर, झेपलिन नुकताच उभा करत असलेला, जिमी पेज आहे. शेफील्डमध्ये गॅस जोडणीचे काम केलेला हा गायक नोव्हेंबर १९६८मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिला आला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक या संगीत महोत्सवाच्या मंचावरून जगाला माहीत झाला.

त्याचे ‘फीलिन ऑलराइट’ही विद्यार्थ्यांना ऐकवावे. ते मुळात ट्रॅफिक या बँडच्या डेव्ह मेसनचे आहे. डिलनच्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’चे जिमी हेंड्रिक्सने १९६८ साली जे कव्हर केले त्यातली बारा तारांची गिटारही याच मेसनने वाजवली आहे. दोन मोठ्या कव्हरांच्या मागे उभा असलेला हा माणूस आपल्याकडच्या फार थोड्या श्रोत्यांना नावाने ठाऊक असतो.

प्रश्न : हळुवार गाण्याचे हार्ड रॉक बँडने केलेले एखादे कव्हर आपल्याला मूळ गाण्याइतके मोलाचे वाटते का? मला तरी त्यात नुसता गोंगाट ऐकू येतो.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : वाटते, आणि उदाहरणे दोन देतो. जोनी मिचेलचे ‘धिस फ्लाइट टुनाइट’ (१९७१) स्कॉटलंडच्या नाझरेथने १९७३ साली गायले, आणि जोन बाएझचे ‘डायमंड्स अँड रस्ट’ (१९७५) जूडस प्रीस्टने १९७७ साली. दोन्ही गाणी लोकसंगीताच्या परंपरेतून आलेल्या, एका गिटारवर गाणाऱ्या स्त्रियांची. आणि दोन्ही कव्हरांचा निर्माता एकच, डीप पर्पलचा बेसवादक रॉजर ग्लोव्हर. मिचेलच्या गाण्यात विमानात बसून परत फिरावेसे वाटणारी बाई आहे, आणि नाझरेथने त्याला घोड्याच्या टापांसारखी सतत धावणारी गिटार दिल्यामुळे विमान थांबत नाही ही तगमग उलट जास्त जाणवते. बाएझच्या गाण्यात जुन्या प्रियकराचा अचानक आलेला फोन आहे; प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड ते अजिबात न विनोद करता, गंभीरपणे गातो. गोंगाट वाटत असेल तर आवाज थोडा कमी करून फक्त गायकाकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : १९६०च्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईत फोर्टमध्ये नोकरीला होतो. बीटल्सपैकी कुणी एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन ध्वनिमुद्रण करून गेल्याची बोलवा तेव्हा होती. त्यात तथ्य आहे का, आणि ते गाणे कोणते?
— एक ज्येष्ठ वाचक, मुंबई

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. जानेवारी १९६८मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने काम केले. त्याच दिवसांत त्याने ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही मुद्रित केले. सरोदवर आशिष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, पखवाजावर महापुरुष मिश्र अशी मंडळी त्यात होती. हॅरिसनने पुढे सांगितले आहे की ध्वनिमुद्रणाचे टू-ट्रॅक स्टिरिओ यंत्र कोलकात्याहून रेल्वेने आणावे लागले, स्टुडिओ ध्वनिरोधक नसल्यामुळे रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज आत येई, आणि संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे. आपण तेव्हा फोर्टमधल्या कचेरीतून घरी निघत असाल, तर त्या आवाजात आपलाही वाटा असण्याची शक्यता आहे.

हॅरिसनने शब्द गायले ते नंतर, फेब्रुवारीत, लंडनला. हे शब्द ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातल्या एका वचनावर आधारलेले आहेत आणि ते त्याला सुचवले केंब्रिजचे संस्कृत अभ्यासक हुआन मास्कारो यांनी. सुरावट उंच असल्यामुळे हॅरिसन गायला कचरत होता. सहकाऱ्यांनी धीर दिल्यावर त्याने गायले. मार्च १९६८मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ते निघाले. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिलीच वेळ होती. ते कोणत्याही नियमित अल्बममध्ये नव्हते, म्हणून कॅसेटच्या जमान्यात बीटल्स ऐकलेल्या पिढीलाही ते सापडले नाही. सतारीचा नुसता रंग देऊन इंग्रजी गाणे सजवण्याच्या त्या काळात, संपूर्ण वाद्यमेळ भारतीय असलेले आणि तरीही तीन मिनिटांत बसणारे हे गाणे मला हॅरिसनच्या सर्व भारतीय प्रयोगांत सर्वांत सहज वाटते. त्याच्या निधनानंतर २००२ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या स्मृतिमैफिलीत जेफ लिनने ते गायले आणि अनुष्का शंकरने सतार वाजवली. ते कव्हरही शोधून ऐकावे.

मुंबईत मुद्रित झालेले दुसरे महत्त्वाचे काम १९७२चे आहे. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपलीच दोन गाणी मुंबईच्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतली. संयोजन बासरीवादक विजय राघव राव यांचे होते. ‘फोर स्टिक्स’मध्ये पाच आणि सहा मात्रांचे खंड आळीपाळीने येतात, आणि हे नाव पडले ते बोनहमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवल्यामुळे. ही मुद्रणे अधिकृतपणे बाजारात यायला २०१५ साल उजाडले. दरम्यान दोघांनी १९९४ साली हीच दोन गाणी इजिप्तच्या वादकांसह पुन्हा केली होती. मला मुंबईचे ‘फ्रेंड्स’ अधिक भावते, कारण मूळ गाण्यातली व्हायोलिने जे नुसते सुचवत होती ते इथे उघडपणे, मोकळ्या गळ्याने आले आहे.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरीचे शिक्षण आमच्या शेजारी, पाचगणीला झाले, एवढे आम्हाला ठाऊक आहे. त्याचे एखादे अल्पपरिचित गाणे सांगावे.
— एक वाचक, वाई

उत्तर : पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना तो ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, आणि ते सगळे इतरांचीच गाजलेली गाणी वाजवत, म्हणजे त्याची सुरुवात कव्हरांपासून झाली. त्याच्या क्वीन या बँडचा पहिला अल्बम १९७३ साली निघाला त्याच सुमारास ‘लॅरी ल्युरेक्स’ या नावाने एक सिंगल आले होते. त्यावरचा आवाज मर्क्युरीचा आहे, आणि क्वीनचेच ब्रायन मे व रॉजर टेलर साथीला आहेत. एका बाजूला रोनेट्सचे ‘आय कॅन हिअर म्युझिक’, दुसऱ्या बाजूला गॉफिन आणि कॅरोल किंग या गीतकार जोडीचे ‘गोइन बॅक’. ते चालले नाही, कारण लॅरी ल्युरेक्स कोण हे कुणालाच माहीत नव्हते. दुसरी बाजू आधी ऐकावी. बालपणाकडे परत जाण्याविषयीचे ते गाणे त्याने फार संयमाने गायले आहे.

प्रश्न : ‘विदाउट यू’ हे गाणे आमच्या घरात भांडणाचा विषय आहे. मुलीला मराया कॅरीचे आवडते, मला हॅरी निल्सनचे. खरे श्रेय कुणाचे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांचेही नाही. ते पीट हॅम आणि टॉम एव्हन्स यांचे आहे. हे दोघे बॅडफिंगर या बँडचे. बीटल्सच्या अ‍ॅपल या कंपनीने त्यांना हाताशी धरले होते. हॅमकडे एका गाण्याचे अंतरे होते पण ध्रुवपद जमत नव्हते, एव्हन्सकडे एक ध्रुवपद होते पण अंतरे नव्हते. त्यांनी दोन अपुरी गाणी जोडली आणि १९७०च्या ‘नो डाइस’ या अल्बममध्ये ठेवून दिली, सिंगल म्हणून काढलीही नाहीत. आपण ती आवृत्ती ऐकली तर आश्चर्य वाटेल, कारण ध्रुवपदात कुठलाही आकांत नाही; गिटारींच्या साथीने, मित्रांत बसून कबुली द्यावी तसे ते गायले आहे.

निल्सनने ते ऐकले तेव्हा त्याला ते बीटल्सचेच वाटले होते. त्याने पियानोच्या साथीवर सुरुवात करून, शेवटच्या ध्रुवपदात आवाज एकदम वरच्या सप्तकात नेला. १९७२ साली ते अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिले आले, आणि त्याला ग्रॅमीही मिळाली. कॅरीचे १९९४चे गाणे निल्सनच्या वाटेने जाते, हॅम-एव्हन्सच्या नव्हे. म्हणून आपल्या घरातले भांडण खरे तर एकाच शाखेतले आहे.

यापुढचे लिहिताना जड जाते. इतके पैसे मिळवून देणाऱ्या गाण्याच्या निर्मात्यांना आर्थिक गैरव्यवहार आणि कज्जे यांनी ग्रासले. पीट हॅमने एप्रिल १९७५मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जीवन संपवले. टॉम एव्हन्सने १९८३ साली तेच केले, आणि त्या वेळी याच गाण्याच्या मानधनावरून वाद चालू होते. मुलीला निल्सन ऐकवण्याआधी बॅडफिंगर ऐकवावे आणि रचनाकारांची नावे सांगावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांचे ‘डे आफ्टर डे’ आणि ‘बेबी ब्लू’ हीसुद्धा तिला आवडतील.

प्रश्न : एखादे गाणे नव्हे, तर संपूर्ण अल्पपरिचित अल्बम सुचवावा. ‘टाइम ऑफ द सीझन’ खूप आवडते, त्या बँडचे दुसरे काहीच ऐकलेले नाही.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मग त्याच गाण्याचा अल्बम घ्यावा : द झॉम्बीजचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’. इंग्लंडच्या सेंट ऑल्बन्स गावातल्या या पाच जणांनी तो १९६७ साली, बहुतांशी बीटल्सच्याच अ‍ॅबी रोड स्टुडिओत, तुटपुंज्या पैशांत केला. दोन सिंगल पडल्यावर डिसेंबरमध्ये बँड मोडला, आणि अल्बम १९६८च्या एप्रिलमध्ये निघाला तेव्हा त्याच्या प्रचाराला बँडच उरला नव्हता. अमेरिकेत तो काढावा म्हणून अल कूपर या संगीतकाराने कंपनीकडे आग्रह धरला नसता तर आपल्याला आवडणारे गाणेही आपल्यापर्यंत आले नसते. १९६९ साली ते तिथे तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले, आणि गायला मात्र बँड अस्तित्वात नव्हता.

पडलेल्या सिंगलांपैकी एक ‘केअर ऑफ सेल ४४’ आहे. चाल इतकी उल्हसित आहे की प्रथम शब्दांकडे लक्षच जात नाही. नीट ऐकले की कळते, हे तुरुंगातून लवकरच सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेले पत्र आहे, आणि ती आल्यावर खोली कशी तयार असेल, आपण काय काय बोलू, याचेच त्यात बेत आहेत. मधे वाद्ये थांबून नुसते आवाज एकमेकांवर चढत जातात, ती जागा तर पुन्हा पुन्हा ऐकावी अशी आहे. साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांत वाट पाहण्याविषयीचे इतके आनंदी गाणे मला दुसरे आठवत नाही. अल्बम जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे. ‘टाइम ऑफ द सीझन’ त्यातले अगदी शेवटचे गाणे आहे आणि ‘केअर ऑफ सेल ४४’ अगदी पहिले, तेव्हा तो मधूनच न लावता सुरुवातीपासून ओळीने ऐकावा.